मोटारीची मांडणी घडविणारा एमिल लव्हासोर

13 जून 1895 ची दुपार. पॅरिसच्या पश्चिम वेशीवर, पोर्त मायो येथे जमलेल्या गर्दीसमोर एक उघडी, दोन आसनांची मोटारगाडी येऊन थांबली. गाडीला छप्पर नव्हते, समोर काच नव्हती आणि दिशा बदलण्यासाठी गोल चाकाऐवजी एक आडवी दांडी होती. त्या दांडीमागे बसलेल्या गृहस्थांचे वय 52 वर्षांचे होते. दोन दिवसांपूर्वी दुपारी ते पॅरिसजवळच्या व्हर्सायहून निघाले, बोर्दोपर्यंत गेले आणि तेथून लागलीच माघारी फिरले. एकूण अंतर सुमारे 1,178 किलोमीटर आणि वेळ 48 तास 48 मिनिटे. या सबंध काळात दांडी त्यांनी दुसऱ्या कोणाच्याही हाती दिली नव्हती. त्यांचे नाव एमिल लव्हासोर.

आज हे नाव मोटारीच्या इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणाच्या ओठी नसते. बेन्झ, प्यूजो ही नावे गाड्यांच्या तोंडावर अजून झळकतात, लव्हासोर यांचे नाव मात्र कोणत्याही नव्या गाडीवर दिसत नाही. तरीही पुढे इंजिन, त्याच्या पाठीशी जड फ्लायव्हील, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाके ही जी एका ओळीतली रचना जगभरच्या मोटारींनी पाऊण शतकाहून अधिक काळ प्रमाण मानली, ती त्यांनी रूढ केली. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली पद्मिनी टॅक्सी आणि सरकारी कचेऱ्यांच्या दारात उभी राहणारी अ‍ॅम्बेसेडर या दोन्ही गाड्या त्याच रचनेच्या होत्या. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या ज्या गाडीवर क्लच दाबायला शिकल्या, तिच्या पोटातली मांडणी मुळात पॅरिसमधल्या एका लाकूडकापी यंत्रांच्या कारखान्यात जन्मली होती.

लव्हासोर यांचा जन्म 21 जानेवारी 1843 रोजी पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या मारोल-आं-युर्पुआ या गावी झाला. पॅरिसच्या एकोल सांत्राल या नामांकित संस्थेत त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे बेल्जियममधल्या कॉकरिल कंपनीच्या प्रचंड कारखान्यात उमेदवारी केली. लोखंड, वाफ आणि दातेरी चाके यांच्या सहवासात त्यांची घडण झाली. फ्रान्सला परतल्यावर कुर्बव्हुआ येथे दुसऱ्या एका यंत्रकारखान्यात काम करीत असताना त्यांची ओळख एदुआर साराझँ या गृहस्थांशी झाली. ही ओळख त्यांच्या आयुष्याला केवढे वळण देणार आहे, याची कल्पना त्यावेळी दोघांनाही असण्याचे कारण नव्हते.

1870 च्या दशकाच्या सुरुवातीला लव्हासोर पॅरिसमधल्या पेरँ-पानार या कारखान्यात दाखल झाले. कारखान्याचे एक मालक रेने पानार हेही एकोल सांत्रालचेच विद्यार्थी. लाकूड कापण्याची यंत्रे, विशेषतः अखंड पट्टीची करवत, ही या कारखान्याची ख्याती होती. अशा कारखान्यात एकाच इंजिनाने फिरणारा लांब दांडा छताजवळून जात असे आणि त्यावरून उतरणारे चामड्याचे पट्टे खालच्या प्रत्येक यंत्राला फिरवीत असत. एखादे यंत्र थांबवायचे तर इंजिन बंद करून चालत नसे, कारण मग सगळाच कारखाना थांबला असता. म्हणून पट्टा कामाच्या पुलीवरून शेजारच्या मोकळ्या फिरणाऱ्या पुलीवर सरकवीत. शक्तीचा उगम चालू ठेवून तिचा वापर हवा तेव्हा तोडायचा आणि हवा तेव्हा जोडायचा, ही गोष्ट कारखान्यात काम करणाऱ्याला रोजच्या सवयीची होती. मोटारीचा क्लच याहून वेगळे काय करतो?

साराझँ हे जर्मनीतल्या डॉइट्झ कंपनीच्या गॅस इंजिनांचे फ्रान्समधले प्रतिनिधी होते. त्यांच्या मध्यस्थीने पेरँ-पानार कारखान्यात ही इंजिने तयार होऊ लागली. पुढे डॉइट्झमधून बाहेर पडलेल्या गोटलीब डाइम्लर यांनी विल्हेल्म मायबाख यांच्या साथीने हलके, जलद फिरणारे पेट्रोल इंजिन तयार केले, तेव्हा त्याचे फ्रान्समधले हक्कही साराझँ यांनीच मिळविले. पेटंट टिकवायचे असेल तर वस्तू फ्रान्समध्येच तयार झाली पाहिजे, असा त्याकाळी तेथील कायदा होता. साहजिकच साराझँ यांनी हे काम आपले जुने स्नेही लव्हासोर यांच्याकडे सोपविले. दरम्यान 1886 मध्ये ज्येष्ठ भागीदार पेरँ यांचे निधन झाले आणि संस्थेचे नाव पानार व लव्हासोर असे झाले.

1887 च्या अखेरीस साराझँ यांचाही मृत्यू झाला. हा व्यवहार तेथेच संपला असता तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा लिहावा लागला असता. तो संपला नाही याचे श्रेय त्यांच्या पत्नी लुईज साराझँ यांना द्यावे लागते. एकोणिसाव्या शतकातली एक विधवा, तिच्यासमोर परक्या देशातला संशोधक आणि हाती अजून बाजारात न रुजलेल्या एका यंत्राचे हक्क. पण लुईजबाईंनी पतीचे काम सोडले नाही. त्यांनी डाइम्लर यांच्याशी पत्रव्यवहार चालू ठेवला, स्वतः जर्मनीतल्या कानश्टाटला जाऊन त्यांची भेट घेतली आणि हे हक्क आपल्याकडे राखले. इंजिन तयार करण्याचे काम त्यांनी लव्हासोर यांच्याकडेच ठेवले. व्यवहारातून स्नेह वाढला आणि 1890 मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. मोटारीच्या इतिहासात या विवाहाचा उल्लेख कधीकधी थट्टेने केला जातो, जणू लव्हासोर यांना इंजिनाचे हक्क आंदणात मिळाले. वास्तविक त्या हक्कांचे मोल ओळखणारी आणि ते सांभाळणारी व्यक्ती लुईज याच होत्या.

आरंभी पानार व लव्हासोर यांचा गाड्या तयार करण्याचा विचार नव्हता. इंजिने तयार करून ती इतरांना विकावीत, एवढाच बेत होता. आर्मां प्यूजो यांनी आपल्या गाड्यांसाठी हीच इंजिने घेतली. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात डाइम्लर यांची तारांच्या चाकांची छोटी गाडी मांडण्यात आली होती आणि तिच्यात मायबाख यांनी पट्ट्यांऐवजी दातेरी चाकांचे गिअर बसविले होते. ही गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे, कारण गिअर किंवा क्लच यांचा शोध लव्हासोर यांनी लावला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सुटे भाग त्यांच्यापूर्वीही होते. ते कोणत्या क्रमाने आणि कोठे बसवावेत, हा प्रश्न मात्र कोणी सोडविला नव्हता.

त्यावेळची मोटार म्हणजे घोडा काढून घेतलेली बग्गी होती. इंजिन जेथे जागा मिळेल तेथे, बहुधा आसनाखाली किंवा मागे, दडविलेले असे. लव्हासोर यांनीही सुरुवातीचे प्रयोग असेच केले. इंजिन मधोमध बसवून पाहिले. पण उतारूंना खालून धक्के आणि उष्णता सोसावी लागे, दुरुस्तीसाठी आसने उचकटावी लागत आणि वजन मागे पडल्याने पुढची चाके हलकी होऊन दिशा नीट सांभाळली जात नसे. 1891 मध्ये त्यांनी धाडसी निर्णय घेतला. बग्गीत जेथे घोडा असे, तेथे, म्हणजे अगदी पुढे, त्यांनी इंजिन उभे केले आणि त्यावर झाकण घातले. इंजिनाचा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवला. त्याच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील, त्याला लागून क्लच, त्यामागे गिअरची दातेरी चाके आणि तेथून साखळीने मागच्या चाकांना गती. वजन पुढे-मागे वाटले गेले, पुढची चाके रस्त्याला धरून राहिली आणि प्रत्येक भागापर्यंत हात पोचू लागला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते पॅरिसहून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रता या गावापर्यंत, सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, स्वतःच्या गाडीने गेले. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. आज हा प्रवास चेष्टेचा विषय वाटेल. पण त्या दिवशी ती गाडी पोचली, ही गोष्ट महत्त्वाची होती.

या रचनेत फ्लायव्हील आणि क्लच यांना एवढे महत्त्व का, हे थोडे उलगडून पाहिले पाहिजे. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदाच जोर मिळतो. उरलेला वेळ दट्ट्याला कोणीतरी ढकलत नेले पाहिजे. ते काम जड फ्लायव्हील करते. कुंभाराच्या चाकाप्रमाणे ते मिळालेली गती साठवून ठेवते आणि इंजिनाला पुढच्या स्फोटापर्यंत पोचविते. शिवाय पेट्रोल इंजिनाची एक खोड आहे. वाफेचे इंजिन उभ्या स्थितीतूनच जोर लावू शकते, पेट्रोल इंजिनाला तसे करता येत नाही. ते आधी फिरत असले पाहिजे. म्हणजे फिरते इंजिन आणि स्थिर गाडी यांची गाठ हळुवार घालून देणारा कोणीतरी मध्यस्थ हवा. तो मध्यस्थ म्हणजे क्लच. लव्हासोर यांच्या काळात रूढ झालेल्या शंकूच्या क्लचमध्ये फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला निमुळती पोकळी असे. चामडे चढविलेला एक शंकू स्प्रिंगच्या जोराने त्या पोकळीत घट्ट बसे आणि दोन्ही एकजीव होऊन फिरत. चालकाने शंकू मागे ओढला की नाते तुटे. चामडे कोरडे पडले तर गाडी गचका देऊन निघे, त्यावर तेल सांडले तर शंकू नुसताच घसरे. त्यानंतर सरकत्या दातेरी चाकांचे गिअर बदलताना होणारी करकर ऐकून भल्याभल्यांचे दात आंबत. लव्हासोर यांनाही ही पद्धत ओबडधोबड आहे हे मान्य होते. पण ती काम करते, यावर त्यांचा भर होता, आणि नाजूक पट्ट्यांपेक्षा खडबडीत दातेरी चाके रस्त्यावर अधिक टिकतात हे त्यांनी पुढे सिद्ध करून दाखविले.

येथे आणखी एक अडचण होती, जी वरकरणी क्षुल्लक वाटते. क्लच तोडला की इंजिनाचा दांडा फिरत राहतो आणि त्याच रेषेतला गिअरबॉक्सचा दांडा थांबतो. दोघांची टोके मात्र एकमेकांच्या आधाराने नेमकी एका रेषेत राहिली पाहिजेत. तसेच क्लच तोडणारा चालकाचा पाय फिरत नसतो, पण ज्या भागाला तो मागे ओढतो तो मात्र वेगाने फिरत असतो. फिरणारे आणि न फिरणारे यांच्या मध्ये कोणीतरी झीज सोसणारा हवा. त्या काळच्या यंत्रांत हे काम बहुधा वंगण घातलेल्या पितळी किंवा काशाच्या कड्यांवर सोपविलेले असे. सायकलीत रुळलेली पोलादी गोळ्यांची बेअरिंग पुढे मोटारीतही सर्वत्र आली. भाग बदलले, साहित्य बदलले, जागा मात्र त्याच राहिल्या.

आजच्या हाताने गिअर बदलायच्या गाडीतही या सांध्यावर मुख्यतः तीन बेअरिंग आढळतात. पहिले रिलीज बेअरिंग. क्लचचा पेडल दाबला की ते प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकते आणि क्लच प्लेट मोकळी करते. दुसरे पायलट बेअरिंग. ते फ्लायव्हीलच्या मध्यभागी किंवा इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला बसविलेले असते आणि गिअरबॉक्सच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला आधार देते. कित्येक गाड्यांत त्याजागी अजूनही साधी पितळी बुशच असते. तिसरे गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेले, त्याच दांड्याला पेलणारे बेअरिंग. मारुती 800 सारख्या पुढच्या चाकांना गती देणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या अनेक गाड्यांत दांडा आखूड असल्याने पायलट बेअरिंगची गरजच भासत नाही. ते मुख्यतः लव्हासोर यांच्या उभ्या मांडणीचे अपत्य आहे.

गाडीतून आवाज येऊ लागला की या तिघांपैकी दोषी कोण, हे गिअरबॉक्स न उतरविताही बऱ्याच अंशी ओळखता येते आणि त्यासाठी कोण केव्हा फिरतो एवढेच ध्यानात ठेवावे लागते. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे आणि पाय पेडलवरून काढून घ्यावा. या स्थितीत गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाबरोबर फिरत असतो. आता घरघर ऐकू येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती विरून जात असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या बेअरिंगवर जातो. उलट पेडल किंचित दाबताच, म्हणजे त्यातला मोकळा खेळ संपून पायाला विरोध जाणवू लागताच, आवाज सुरू होत असेल तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा असतो, कारण भार येतो तो त्याच क्षणी. आणि पेडल अगदी तळापर्यंत दाबून, गाडी उभी असताना गिअर टाकल्यावरच किरकिर किंवा शीळ ऐकू येत असेल, तर पायलट बेअरिंगकडे पाहावे. एरवी त्याच्या आतली व बाहेरची बाजू एकाच वेगाने फिरत असल्याने ते स्वस्थ असते. गिअरबॉक्सचा दांडा थांबून इंजिन फिरत राहते तेव्हाच त्याला काम पडते. शेवटचा निर्णय अर्थात सुटे भाग हातात घेऊन फिरवून पाहिल्यावरच करावा. जाणते मिस्त्री एकदा गिअरबॉक्स उतरविला की क्लच प्लेट व प्रेशर प्लेटबरोबर रिलीज आणि पायलट बेअरिंगही बदलून टाकण्याचा आग्रह धरतात, तो काही उगाच नव्हे. त्या भागांच्या किमतीपेक्षा ते काढण्या-घालण्याची मजुरीच जास्त पडते. पेडलवर सतत पाय टेकवून गाडी चालविण्याची सवय मात्र रिलीज बेअरिंगच्या जिवावर उठते, हे चालकाने स्वतःच ओळखायचे असते.

हे विषयांतर नव्हे. लव्हासोर यांनी बोर्दोच्या वाटेवर दोन दिवस आणि दोन रात्री जे पणाला लावले, ते नेमके याच सांध्यांचे टिकणे होते. 1894 च्या जुलैमध्ये ल पती जुर्नाल या वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची चाचणी आयोजित केली होती. त्यात द दियों यांची वाफेची गाडी सर्वांत आधी पोचली. परंतु ती चालविण्यास भट्टीवाला सोबत लागत असल्याने नियमांनुसार पहिले बक्षीस पानार-लव्हासोर आणि प्यूजो यांच्यात विभागून देण्यात आले. दोन्हींच्या गाड्यांत इंजिन डाइम्लर पद्धतीचे होते. तथापि रुआँचे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. पेट्रोलची गाडी खरोखर विश्वासार्ह आहे काय, या प्रश्नाचे उत्तर एवढ्या अंतरात मिळणे शक्य नव्हते. म्हणून पुढच्या वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही अखंड शर्यत योजण्यात आली.

लव्हासोर यांच्या गाडीचा क्रमांक 5 होता. तिच्यात फेनिक्स नावाचे दोन सिलिंडरचे, सुमारे 1,200 घनसेंटिमीटरचे आणि चार अश्वशक्तीचे इंजिन होते. आजच्या साध्या स्कूटरलाही याहून अधिक शक्ती असते. 11 जूनला दुपारी शर्यत सुरू झाली आणि काही तासांतच लव्हासोर सर्वांच्या पुढे गेले. अंधार पडल्यावर मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडात, भरीव रबराच्या चाकांवर, धुळीच्या रस्त्याने गाडी धावत राहिली. र्युफेक या गावी त्यांच्या जागी दुसरा चालक बसायचा, असे ठरलेले होते. पण लव्हासोर अपेक्षेच्या कितीतरी आधी, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी तेथे पोचले, तेव्हा तो चालक गाढ झोपेत होता. त्याची वाट पाहण्यात वेळ घालविण्यापेक्षा त्यांनी पुढे जाणे पसंत केले. सकाळी त्यांनी बोर्दो गाठले आणि तेथूनही ते लागलीच परतले. परतीच्या वाटेवर मागून येणारे स्पर्धक त्यांना समोरून भेटू लागले, तेव्हा आपण किती पुढे आहोत याचा अंदाज त्यांना आला असणार. तरीही दांडी त्यांनी सोडली नाही.

ताशी सरासरी 24 किलोमीटर हा वेग आज सायकलस्वारालाही अशक्य वाटणार नाही. मात्र या 48 तासांत क्लच किती वेळा तुटला आणि जुळला असेल, गिअर किती वेळा बदलला असेल, चढ-उतारांवर त्या शंकूच्या चामड्याने किती झीज सोसली असेल, याचा विचार केला म्हणजे त्या सरासरीचा अर्थ उमगतो. दुसरा क्रमांक मिळविणारी प्यूजो गाडी त्यांच्यानंतर जवळजवळ सहा तासांनी आली. निघालेल्या 22 गाड्यांपैकी ठरलेल्या मुदतीत केवळ 9 परतल्या. त्यातल्या आठ पेट्रोलच्या आणि एक वाफेची होती. वाफ की पेट्रोल या वादाचा निकाल त्या दिवशी लागला, असे म्हणण्यास हरकत नाही.

गंमत अशी की पहिले बक्षीस लव्हासोर यांना मिळाले नाही. दोनपेक्षा अधिक आसने असलेल्या गाडीलाच ते द्यावे, असा नियम होता आणि त्यांची गाडी दोन आसनी होती. 31,500 फ्रँकचे हे बक्षीस त्यांच्यानंतर 11 तासांनी पोचलेल्या केक्लँ यांच्या प्यूजो गाडीला देण्यात आले. लव्हासोर यांना हा नियम आधीपासून ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे. मग त्यांनी दोन आसनांची गाडी का काढली आणि वयाच्या 52 व्या वर्षी दोन रात्री जागून का चालविली? आपली मांडणी टिकते हे त्यांना सिद्ध करायचे होते, असेच उत्तर संभवते. बक्षीस दुसऱ्याला गेले. इतिहासाने मात्र ती शर्यत त्यांच्याच नावावर लिहिली.

या यशानंतर ते कचेरीत स्वस्थ बसले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु 1896 च्या सप्टेंबरअखेर पॅरिस-मार्सेय-पॅरिस ही सुमारे 1,700 किलोमीटरची शर्यत सुरू झाली तेव्हा ते पुन्हा चालकाच्या जागी होते. दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हिन्योंच्या परिसरात, रस्त्यावर आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकविताना त्यांची गाडी उलटली आणि ते दूर फेकले गेले. ती शर्यत त्यांच्याच कारखान्याच्या गाडीने, मायाद यांच्या हातून, जिंकली. लव्हासोर पॅरिसला परतले, पुन्हा कामालाही लागले, पण त्या आघातातून ते पुरते सावरले नाहीत. 14 एप्रिल 1897 रोजी, वयाच्या अवघ्या 54 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मोटारीच्या शर्यतीने घेतलेल्या पहिल्या काही बळींमध्ये त्यांची गणना केली जाते.

त्यांच्या पश्चात कारखान्याच्या तांत्रिक बाजूची धुरा आर्तूर क्रेब्स यांनी सांभाळली आणि पानार व लव्हासोर हे नाव पुढची अनेक वर्षे शर्यतींत व रस्त्यांवर गाजत राहिले. 1965 मध्ये ही संस्था सित्रोएनकडे गेली आणि 1967 मध्ये पानार नावाच्या खासगी मोटारींचे उत्पादन थांबले. जेथे ती शर्यत संपली होती त्या पोर्त मायोच्या परिसरात लव्हासोर यांचे स्मारक उभे आहे. शिल्पकार ज्यूल दालू यांनी त्याची कल्पना रेखाटली आणि त्यांच्या मृत्यूनंतर कामी लफेव्र यांनी ते शिल्प पूर्ण केले. 1907 मध्ये उभारलेल्या या स्मारकात कमानीतून बाहेर येणारी गाडी, तिच्या दांडीमागे बसलेले लव्हासोर आणि भोवती जल्लोष करणारी गर्दी दगडात कोरलेली आहे. लुईजबाईंनी हे स्मारक पाहिले असेल. पतीनंतर त्या जवळजवळ दोन दशके हयात होत्या.

पुढच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्या रूढ झाल्या तेव्हा लव्हासोर यांची मांडणी मागे पडू लागली. आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते आहे आणि विजेवर धावणाऱ्या मोटारीला तर त्यांच्या अर्थाने क्लचची गरजच उरत नाही, कारण विजेचे यंत्र वाफेच्या यंत्राप्रमाणे उभ्या स्थितीतूनही जोर लावते. कदाचित आणखी काही दशकांनी क्लचचा पेडल ही संग्रहालयातली वस्तू होईल. तोवर मात्र चढावर गाडी उभी करून डावा पाय हळूच वर घेणारा प्रत्येक चालक, फिरते इंजिन आणि थांबलेली गाडी यांची तीच जुनी गाठ रोज नव्याने घालीत असतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये बॉनेटवर वाकून, मान कलती करून, आवाज नेमका कोठून येतो हे ऐकणारा मिस्त्रीही त्याच प्रश्नाशी झगडत असतो, ज्याच्याशी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लाकूडकापी यंत्रांच्या एका कारखान्यात एक अभियंता झगडला होता. मिस्त्रीला त्या अभियंत्याचे नाव ठाऊक नसते. पण एमिल लव्हासोर यांनी घालून दिलेला क्रम त्याच्या हातांना पाठ असतो.